बंदुकीचं लायसन आहे, पण बंदूक गाडीतून न्यायची कशी? येरवड्याच्या नाकाबंदीत अडकण्याआधी हे वाचा

येरवडा, पुणे (प्रतिनिधी) : शिरूर, शिक्रापूर, वाघोली करत नगर रोडने पुण्यात शिरलं की येरवडा लागतंच. आपल्या भागातले पीकसंरक्षणाची बंदूक असलेले शेतकरी वर्षातून एक-दोनदा तरी या रस्त्याने बंदूक घेऊन जातात. कुणाला नळी दुरुस्त करायची असते, कुणाला काडतुसं आणायची असतात, कुणाला बंदूक तपासणीला दाखवायची असते. लायसन खिशात आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण रात्रीच्या नाकाबंदीत गाडीची डिकी उघडली आणि सीटखाली भरलेली बारा बोर निघाली, तर 'साहेब, लायसन आहे' एवढ्यावर सुटका होत नाही.

लायसन हे बंदूक बाळगण्याची परवानगी देतं. ती कुठे न्यायची, कशी न्यायची, कुणी न्यायची याला वेगळ्या अटी आहेत. त्या अटी लायसनच्या पुस्तकातच छापलेल्या असतात, पण आपल्यातल्या बहुतेकांनी त्या कधी वाचलेल्या नसतात. म्हणून हा लेख. शिकारीला प्रोत्साहन देण्याचा यात काही संबंध नाही. आपल्या देशात शिकार बंद आहे. पण रानडुकरांच्या त्रासाने ज्यांच्या घरी कायदेशीर बंदूक आहे, त्यांची बंदूक, गाडी आणि इज्जत तिन्ही शाबूत राहावीत, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

कायदा थोडक्यात

बंदुकीचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठा बदल झाला. तो बदल गावाकडे अजून पुरता पोचलेला नाही, म्हणून आधी तो समजून घेऊ.

• एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत होत्या. आता दोनच.
• लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.
• बिनलायसनची बंदूक सापडली तर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड.
• लग्नात, वरातीत हवेत बार काढला आणि त्याने लोकांच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक लायसनची असली तरी.
• लायसन आहे पण त्यातली अट मोडली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. त्याहून मोठं नुकसान म्हणजे लायसन निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. एकदा रद्द झालं की परत मिळणं किती अवघड, हे ज्याने चकरा मारल्यात त्यालाच विचारा.

निघण्याआधी लायसन उघडून वाचा

चार गोष्टी बघायच्या.

एक, मुदत. तारीख उलटली असेल तर ती बंदूक कायद्याच्या नजरेत बिनलायसनचीच. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधी टाका, पोच जपून ठेवा आणि नूतनीकरण हातात येईपर्यंत बंदूक घेऊन फिरू नका.

दोन, यूआयएन नंबर. सगळी लायसनं आता देशाच्या एका कॉम्प्युटर यादीत घेतली आहेत आणि प्रत्येकाला एक नंबर दिलाय. वडिलांच्या काळातलं जुनं पुस्तक असेल आणि त्यावर हा नंबर नसेल, तर ते लायसन आता ग्राह्य धरत नाहीत. आधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन ते बघा.

तीन, क्षेत्र. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुणाच्या लायसनवर जिल्हा असतो, कुणाच्या महाराष्ट्र. पीकसंरक्षणाच्या लायसनवर बऱ्याचदा गाव किंवा ठराविक शिवारच असतं. ज्याच्या लायसनवर गावाचं नाव आहे, त्याने बंदूक घेऊन थेट पुण्याला निघणं म्हणजे अट मोडणं. दुरुस्तीला न्यायची असेल तर आधी अर्ज करून लेखी परवानगी घ्या, निदान पोलिस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

लायसन देणारं ऑफिसही सगळीकडे एक नाही. ग्रामीण भागात कलेक्टर, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडला पोलिस आयुक्त. येरवडा शहर आयुक्तालयात येतं. शिरूर-दौंडचा माणूस कलेक्टरचं लायसन घेऊन आयुक्तांच्या हद्दीत येतो, तेव्हा तिथल्या पोलिसाला तो अनोळखीच असतो. म्हणून कागद पक्के लागतात.

चार, काडतुसांची संख्या. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे लायसनवर लिहिलेलं असतं. दुकानदार खरेदीची नोंद करून देतो. नोंद एक आणि गाडीत भलतंच, असं निघालं तर उत्तर देता येत नाही.

आणि हो, मूळ लायसन सोबत पाहिजे. पोलिसाने मागितलं की ते दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. मोबाईलमधला फोटो ऐनवेळी माहिती द्यायला बरा, पण तो मूळ पुस्तकाची जागा घेत नाही.

गाडीत बंदूक कशी ठेवायची

नियमांचं सार असं की सार्वजनिक जागी बंदूक उघडी दिसता कामा नये, ती आवरणात पाहिजे आणि पूर्ण तुमच्या ताब्यात पाहिजे. रस्त्याने जाणारी गाडी ही तुमच्या घराची खोली नाही. ती सार्वजनिक जागीच आहे असं धरून चाला.

१. घरातून निघण्याआधी बंदूक रिकामी करा. नळीचं तोंड जमिनीकडे किंवा मोकळ्या जागेकडे, आजूबाजूला पोरंबाळं नाहीत हे बघून. बारा बोर मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का ते डोळ्याने बघा. 'रिकामीच आहे' हे दुसऱ्याच्या सांगण्यावर कधीच धरू नका.

२. ठासणीची बंदूक असेल तर जास्त जपा. एकदा ठासलेली बंदूक पटकन रिकामी करता येत नाही. म्हणून ती ठासलेल्या अवस्थेत गाडीत चढवायचीच नाही. दारू, छर्रे आणि टोप्या वेगवेगळ्या डब्यात. घोड्याखाली टोपी राहिली नाही ना, हे दोनदा बघा.

३. नळी आणि दस्ता सुटे होत असतील तर सुटे करून केसमध्ये ठेवा. केस नसेल तर जाड कापडाची चेनवाली लांब पिशवी शिवून घ्या. पोत्यात किंवा चादरीत गुंडाळून नेऊ नका. पोत्यात गुंडाळलेली बंदूक पोलिसाला लपवलेलीच वाटणार. संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.

४. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या जागी. बंदूक मागे डिकीत आणि काडतुसं पुढे, किंवा उलट. पण डॅशबोर्डच्या खणात नको. उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, आणि तो खण कुणीही सहज उघडतो.

५. केस आडवी ठेवा, पट्ट्याने किंवा दोरीने बांधा. आपले रस्ते असे की एका खड्ड्यात सामान इकडचं तिकडे होतं. सीटच्या मधे उभी केलेली बंदूक कलंडते आणि नळीचं तोंड नेमकं माणसाकडे येतं.

६. गाडीतून बंदूक काढताना नळी धरून स्वतःकडे ओढायची नाही. हा अपघात जगात सगळीकडे होतो. चाप कशाला तरी अडकतो आणि बार ओढणाऱ्याच्याच पोटात जातो. दस्त्याच्या बाजूने धरा, तोंड लांब ठेवा.

७. वाटेत चहा-जेवणाला थांबलात तर एक माणूस गाडीजवळ थांबला पाहिजे. गाडी फोडून बंदूक चोरीला गेली तर हलगर्जी तुमची ठरते. चोरी झालीच, तर मिनिट न घालवता जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. उद्या त्या बंदुकीने काही घडलं तर पहिला शोध तुमचाच होणार.

८. दारू पिऊन बंदूक हातात घ्यायची नाही आणि गाडीही चालवायची नाही. दोन्ही एकत्र असेल तर बोलायलाच नको.

मोटारसायकल, पिकअप आणि ट्रॅव्हल्स

मोटारसायकलवर खांद्याला उघडी बंदूक अडकवून जाण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडा. लायसनदार मागे बसावा, केस पाठीला घट्ट बांधलेली असावी, काडतुसं गाडी चालवणाऱ्याकडे न देता स्वतःच्या पिशवीत ठेवावीत. तरीही लांबच्या प्रवासाला चारचाकीच बरी.

पिकअप किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीत मागे मजूर बसलेले असताना तिथे बंदूक ठेवू नका. पुढे केबिनमध्ये, तुमच्या नजरेसमोर ठेवा.

ट्रॅव्हल्सच्या डिकीत बंदूक टाकून आपण वर झोपायचं, हे तर अजिबात नको. डिकीतली वस्तू तुमच्या ताब्यात राहत नाही. पार्सल म्हणून पाठवण्याचा विचारही करू नका.

येरवड्याच्या पुढेच लोहगाव विमानतळ आहे. पोरांना सोडायला जाताना ज्या बॅगेत कधीतरी काडतुसं ठेवली होती तीच बॅग भरून दिली, तर मशीनमध्ये तळाशी राहिलेलं एक काडतूसही दिसतं. पोरगं विमानाऐवजी पोलिस ठाण्यात जातं. काडतुसांची पिशवी कायम वेगळीच ठेवा. विमानाने बंदूक न्यायचीच असेल तर कंपनीला आधी कळवावं लागतं. ती रिकामी करून, नोंद करून, सामानात जाते. सोबत बसण्याच्या जागी नाही.

दुसऱ्याच्या हाती बंदूक

भाऊ, जावई, ड्रायव्हर, कुणीही असो. ज्याच्या नावाचं लायसन त्यानेच बंदूक न्यायची. याला कायद्यात एक सवलत आहे. लायसनदार स्वतः हजर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीसाठी, लायसनच्या नूतनीकरणासाठी किंवा लायसनदाराच्या वापरासाठी नेऊ शकतो. तोंडी निरोप चालत नाही. चिठ्ठीत लायसन नंबर, बंदुकीचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, कारण, तारीख आणि सही पाहिजे. सोबत मूळ लायसन. आणि दुरुस्तीला टाकली की दुकानदाराची पावती घ्यायला विसरू नका.

ड्रायव्हरने विचारावं, 'दादा, पिशवीत काय आहे?' आणि मालकाने सांगावं, 'तू गाडी चालव.' असं करू नका. कोर्टात ताबा 'जाणीवपूर्वक' होता की नाही हे बघतात, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच ते स्पष्ट केलंय. पण ते कोर्टात सिद्ध होईपर्यंत गरीब ड्रायव्हरचे हाल होतात. गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

वडील वारले, बंदूक घरात राहिली

हा प्रकार आपल्या भागात सगळ्यात जास्त. वडील गेले, दहावं-तेरावं झालं, बंदूक माळ्यावर तशीच. वर्षाने मुलगा 'नावावर करून आणतो' म्हणून बोलेरोत टाकून निघतो. त्या क्षणी तो मुलगा बिनलायसनची बंदूक नेणारा माणूस असतो. लायसन वडिलांचं होतं, ते वडिलांबरोबर संपलं.

बरोबर मार्ग असा. मृत्यूनंतर विनाकारण वेळ न घालवता आपल्या पोलिस ठाण्यात लेखी कळवायचं. बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारायचं आणि तिथे किंवा लायसन असलेल्या दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची. मग वारसाने स्वतःच्या नावाचा अर्ज करायचा.

वडील हयात असतील तर अजून सोपं आहे. लायसनदाराचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, तर हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. ज्यांच्या घरी म्हातारे लायसनदार आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

जंगलातला रस्ता आणि रानडुक्कर

इथे शस्त्र कायद्याबरोबर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो, आणि तो जास्त कडक आहे.

अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला आधी लेखी परवानगी लागते. भीमाशंकर असो, बारामतीकडचं मयूरेश्वर असो की कर्जतचं रेहेकुरी, जवळचा रस्ता म्हणून बंदूक गाडीत ठेवून आत जाऊ नका. लांबून वळसा घाला. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनदारांनी वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं, तेही तपासून घ्या.

रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी राज्य सरकारने जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय काढला. पिकाचं नुकसान होत असेल तर रेंज ऑफिसला अर्ज करून परवानगी मागता येते. म्हणजे बंदुकीचं लायसन वेगळं आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. पहिलं आहे म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही. परवानगी असली तरी मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. ते गाडीत टाकून घरी आणायचं नाही, वाटून खायचं नाही. वनखात्याला कळवायचं.

चिंकारा, मोर, बिबट्या यांच्या बाबतीत तर हा मार्गच नाही. ते सगळ्यात वरच्या परिशिष्टात आहेत आणि गुन्ह्याला किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि गाडी जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते. अजून हप्ते चालू असलेल्या पिकअपचा विचार करा.

मोठ्या नावाचाही इथे उपयोग होत नाही. २००५ साली हरियाणात झज्जर इथे पोलिसांनी गाडी अडवली, तेव्हा आत काळवीट, ससे आणि बंदूक सापडली. त्या प्रकरणात क्रिकेटचे माजी कप्तान मन्सूर अली खान पतौडी यांना शरण यावं लागलं होतं. गाडीच अडवली गेली होती, हे लक्षात घ्या.

छर्‍याची बंदूक, कोयता आणि गोळे

एअरगन : ठराविक ताकदीच्या आतल्या छर्‍याच्या बंदुकीला (२० जूलपर्यंत) लायसन लागत नाही. पण खरेदीचं बिल सोबत ठेवा आणि तीही केसमधूनच न्या. लांबून ती खरीच दिसते. आणि तिने ससा किंवा पक्षी मारला तर ती शिकारच.

कोयता : फक्त शेतीकामासाठी बनवलेली अवजारं शस्त्र कायद्यात येत नाहीत. पण 'कोयता गँग'च्या बातम्यांनंतर पुणे शहरात कोयता दिसला की पोलिस थांबवणारच. ऊसतोडीचे कोयते बांधून, बाकीच्या अवजारांसोबत, ट्रॉलीत ठेवा. मोटारसायकलच्या हँडलला अडकवून येरवड्यात शिरू नका.

डुकरासाठीचे बारुदगोळे : याला कसलीच सवलत नाही. स्फोटक पदार्थांचा १९०८ चा कायदा लागतो. शिवाय गाडीच्या धक्क्याने फुटला तर गाडीतलं कुणी वाचत नाही. गोळे करू नका, घेऊ नका, नेऊ नका.

या दिवशी बंदूक घरातच

लायसनच्या अटीतच लिहिलेलं असतं की खास परवानगीशिवाय यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात बंदूक न्यायची नाही. म्हणजे गावची जत्रा, उरूस, पालखी, गणपती विसर्जन, सगळं आलं. महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेशही अधूनमधून निघतात. जिल्ह्याचा आणि शहराचा आदेश वेगळा असतो, म्हणून निघण्याआधी दोन्हीकडचा बघा. निवडणुकीत आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते कुणाची बंदूक जमा करायची. नोटीस आली तर मुदतीत जमा करा आणि पावती जपा. त्या पावतीवरच बंदूक परत मिळते.

पोलिसांनी अडवलं तर

गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, हात स्टेअरिंगवर दिसू द्या. पोलिस विचारायच्या आत तुम्हीच सांगा, 'साहेब, गाडीत लायसनची बंदूक आहे, रिकामी आहे, मागे केसमध्ये आहे, काडतुसं वेगळी आहेत.' स्वतःहून केस उघडायला जाऊ नका, ते सांगतील तसं करा. लायसन द्या, कुठे आणि कशासाठी चाललोय ते सरळ सांगा. दुकानाची जुनी पावती किंवा परवानगीचं पत्र असेल तर दाखवा. हुज्जत नको, ओळखी सांगणं नको. बंदूक ताब्यात घेतलीच तर पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत मागा. त्यात बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर आहे ना, हे बघूनच सही करा.

लायसन होतं, तरी येरवडा झालं

येरवड्याचं नाव निघालं की अभिनेता संजय दत्तची आठवण येतेच. त्याला शिकारीचा शौक होता आणि त्याच्याकडे लायसनच्या बंदुका होत्या, हे कोर्टाच्या कागदांत आहे. पण १९९३ मध्ये त्याच्या घरी गाडीतून आलेली हत्यारं त्या लायसनमध्ये बसत नव्हती. बॉम्बस्फोटाच्या कटाच्या आरोपातून तो सुटला, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याची शिक्षा सुटली नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१३ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो येरवडा कारागृहातून बाहेर आला. लायसन ज्या हत्याराचं, ज्या माणसाचं आणि ज्या क्षेत्राचं, तेवढ्यापुरतंच ते चालतं.

निघताना दाराशी हे मोजा

मूळ लायसन. मुदत चालू. क्षेत्र बरोबर. बंदूक रिकामी, डोळ्याने पाहिलेली. केस बंद. काडतुसं वेगळी आणि मोजलेली. शस्त्रबंदीचा आदेश नाही. वाटेत अभयारण्य नाही. लायसनदार स्वतः गाडीत, किंवा त्याची सहीची चिठ्ठी सोबत.

यातलं एकही कमी असेल तर बंदूक घरी ठेवा आणि आधी ते काम उरका. अडचणीत पोलिसांसाठी ११२ आणि वनखात्यासाठी १९२६ हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. ज्यांच्या घरी बंदूक आहे अशा आपल्या माणसांना ही माहिती नक्की पाठवा.